चेहऱ्याची साक्ष

शरीराच्या अवयवांत उपयोगाच्या दृष्टीने हातपाय श्रेष्ठ ठरतील आणि निकडीच्या दृष्टीने हृदय. परंतु मान म्हणून जो काही आहे तो सारा तोंडाला मिळाला आहे. आपल्या भाषेकडे पाहिले तरी हे कळून येते. अब्रू गेलेल्या मनुष्यास ‘तोंड दाखवायला जागा’ उरत नाही. जो नकोसा झाला त्याने ‘तोंड काळे करावे’ असे आपण म्हणतो. आणि खरे बोलण्याचे धैर्य ज्याच्या अंगी असते तो ‘तोंडावर’ बोलतो. लग्नात सासू आरशात सुनेचे मुख पाहते तेव्हा ती मुलगी घरची होते, आणि मनुष्य गेल्यावर अंत्यदर्शन म्हणून जे घ्यावयाचे तेही तोंडाचेच. घरात येणाऱ्याची पहिली ओळख आणि जगातून जाणाऱ्याची शेवटची, या दोन्ही चेहऱ्यावरच सोपविलेल्या आहेत.

अशा रीतीने चेहरा हा आपण सर्वांनी विनातक्रार मान्य केलेला साक्षीदार आहे. तो दोन गोष्टींची साक्ष देतो असे आपण धरून चालतो. एक, हा मनुष्य अमुकच होय. आणि दुसरी, हा मनुष्य अमुक प्रकारचा आहे. या दोन साक्षी निरनिराळ्या आहेत हे सहसा आपल्या ध्यानातही येत नाही. परंतु हा साक्षीदार एखाद्याच्या बाबतीत फितूर झाला तर दोष कोणाचा आणि कर्तव्य कोणाचे? हा प्रश्न वर्गात शिकविण्यासारखा असला तरी आम्हास तो वर्गात सुचला नाही. एका प्रसंगाने तो आमच्यापुढे उभा केला, आणि त्या प्रसंगी आमचे वर्तन अभिमान वाटण्यासारखे झाले नाही, म्हणून तो येथे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. आम्ही ज्या महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवितो तेथील कचेरीत काही कामानिमित्त गेलो असता खिडकीपाशी वाद चालल्यासारखे वाटले. एक गृहस्थ आपल्या पदवीच्या वर्षाचा दाखला मागत होते. उंची बेताची, पाठ वाकलेली, हातात काठी. चेहरा मात्र असा की, नजर एकदा तेथे गेली म्हणजे तेथे ठरेना आणि तेथून हलेही ना. दोन्ही गालांची हाडे पुढे आलेली, वरचा जबडा रुंदावून फुगलेला, नाकाची दांडी त्यात बुडून गेलेली, दातादातांत फटी पडलेल्या, आणि ओठ मिटू म्हटले तरी मिटत नव्हते. कारकुनाच्या हातात त्यांचे जुने ओळखपत्र होते, आणि त्यावरील छायाचित्र समोरच्या मनुष्याशी जुळत नाही असे त्याचे म्हणणे होते. कारकून दुष्ट नव्हता. तो आपला नियम पाळीत होता. आम्हास पाहताच तो म्हणाला, “सर, हे तुमच्या विषयाचे विद्यार्थी होते म्हणतात. ओळखता का यांना?”

आम्ही पाहिले, आणि मनाशी काही लपवून न ठेवता म्हणालो, “नाही.”

ते गृहस्थ रागावले नाहीत. थोडे थांबून, अस्पष्ट उच्चारांत, ते म्हणाले, “सर, एक शंका आहे. मोठी नाही.”

हे शब्द ऐकताच आम्ही जागच्या जागी ओशाळलो. आठ वर्षांपूर्वी आमच्या तर्कशास्त्राच्या वर्गात मागच्या बाकावर एक सडपातळ, हसतमुख मुलगा बसत असे. त्याचा प्रत्येक प्रश्न याच शब्दांनी सुरू होई, आणि त्याची एकही शंका लहान नसे. तोच हा. आम्ही त्याला आमच्या खोलीत नेऊन बसविले. पुढे तासभर बोलणे झाले. त्याने जे सांगितले त्यात, वैद्यकीतील आमच्या स्नेह्यांकडून आणि ग्रंथांतून मागाहून आम्हास जे समजले ते मिळवून, या रोगाची हकीकत वाचकांपुढे ठेवतो. कारण तिच्यावाचून पुढील विचाराला पाया मिळणार नाही.

मूत्रपिंड म्हणजे शरीराची मोरी, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळून त्यातील बहुतेक सर्व रक्तास परत करणे आणि नको तेवढेच बाहेर टाकणे हे मूत्रपिंडांचे काम तर आहेच. परंतु ती शरीराची खजिनदारही आहेत. अन्नातून येणाऱ्या फॉस्फरसपैकी जादा भाग ती बाहेर घालवितात. ड जीवनसत्त्वावर शेवटचा संस्कार त्यांच्यातच होतो, आणि तो झाल्यावाचून आतड्यांना अन्नातील कॅल्शियम पुरते शोषून घेता येत नाही. मूत्रपिंडे निकामी झाली म्हणजे फॉस्फरस साचत जातो, ड जीवनसत्त्व निरुपयोगी पडून राहते, आणि रक्तातील कॅल्शियम घटू लागते.

रक्तातील कॅल्शियम हे अगदी काटेकोर मर्यादेत राहावे लागते. ते ढळले तर स्नायू आणि हृदय यांचे काम बिघडते. त्यावर पहारा करण्यासाठी गळ्यात, अवटु ग्रंथीच्या मागे, साधारणपणे चार लहान ग्रंथी असतात. त्यांस पॅराथायरॉइड किंवा परावटु ग्रंथी म्हणतात, आणि प्रत्येकीचा आकार तांदळाच्या किंवा मसुरीच्या दाण्याएवढा. रक्तात कॅल्शियम कमी पडले की या ग्रंथी एक स्राव सोडतात आणि त्याच्या आज्ञेवरून हाडे आपल्याजवळचे कॅल्शियम काढून देतात. शरीरातील शेकडा ९९ भाग कॅल्शियम हाडांतच साठविलेले असते, म्हणून ही सोय एरवी उत्तम आहे. परंतु मूत्रपिंडाच्या जुनाट रोगात तूट एका दिवसाची नसते. मागणी रोज येते, रोज पुरी करावी लागते, ग्रंथी वाढत जातात, आणि अखेरीस थांबा म्हटले तरी त्या थांबत नाहीत. रोजचा खर्च भागविण्यासाठी वडिलार्जित जमिनीचा तुकडा तुकडा विकणारे घर आपण पाहिलेले असते; बाहेरून चूल पेटलेली दिसते, आणि सातबाऱ्यावर मात्र नाव उरत नाही. तसेच येथे होते. पाठीचा कणा खचून उंची घटते, बोटांची टोके झिजतात, जरा धक्का लागला की हाड मोडते. आणि काही रोग्यांत चेहऱ्याची हाडे झिजण्याऐवजी फुगतात. जुने हाड विरघळते, त्याच्या जागी नवे मऊ, वेडेवाकडे आणि पसरट हाड भरत जाते, आणि जबडा रुंदावतो.

या ग्रंथी प्रथम एका हिंदुस्थानी गेंड्याच्या गळ्यात दिसल्या. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या त्या गेंड्याचे विच्छेदन रिचर्ड ओवेन यांनी १८५० च्या सुमारास केले. मनुष्याच्या गळ्यातील ग्रंथींचे वर्णन स्वीडनमधील उप्साला येथे ईव्हार सान्डस्ट्रॉम यांनी १८८० मध्ये प्रसिद्ध केले. चेहऱ्याच्या हाडांच्या अशा वाढीला युरोपीय वैद्यांनी एकोणिसाव्या शतकातच ‘सिंहमुख’ या अर्थाचे लॅटिन नाव दिले होते. मूत्रपिंडाच्या रोगात, उपचार उशिरा किंवा अपुरे झाल्यामुळे येणाऱ्या विरूपतेचे सविस्तर वर्णन तुर्कस्तानातील वैद्य याह्या साग्लिकर यांनी २००४ मध्ये केले, आणि आज ते लक्षणसमूह त्यांच्याच नावाने ओळखले जाते. त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच, मनुष्याच्या चेहऱ्यास कुरूप करणारा, अशा अर्थाचा शब्द होता.

हा शब्द वाचून आम्ही बराच वेळ थबकलो. हाड ‘झिजले’ हे निरीक्षण आहे. चेहरा ‘कुरूप’ झाला हा निवाडा आहे. यकृत वाढले तर त्याला कोणी कुरूप म्हणत नाही. चेहऱ्याचा प्रश्न आला की शास्त्रज्ञाच्या लेखणीतूनही निवाडा उतरतो. सिंहमुख या नावाचीही तीच गोष्ट. नृसिंह ज्यांचे कुलदैवत आहे अशी कितीतरी घराणी आपल्याकडे आहेत. गजमुख तर आम्हा सर्वांस मंगल वाटते. मूर्तीच्या ठिकाणी जे मुख हात जोडावयास लावते, तेच शेजारच्या बाकावरील मनुष्यास आले म्हणजे आपण जागा बदलतो.

याचे कारण चेहऱ्याच्या दुसऱ्या साक्षीवरील आपला विश्वास. मुखावरून स्वभाव वाचण्याचे शास्त्र अनेकांनी रचले. आपल्याकडे सामुद्रिक होते. युरोपात अठराव्या शतकात लाव्हाटर यांनी त्याचे मोठे ग्रंथ लिहिले, आणि त्याचा प्रभाव एवढा की, ‘बीगल’ जहाजाचे कप्तान फिट्झरॉय हे डार्विनच्या नाकाच्या ठेवणीवरून त्याच्या अंगी पुरेसा निश्चय नसावा असे समजून त्यास बरोबर नेण्याविषयी साशंक झाले होते. हे डार्विननेच आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे. लोम्ब्रोझो यांनी १८७६ मध्ये तर जबड्याच्या आणि कपाळाच्या मापावरून जन्मजात गुन्हेगार ओळखण्याचा दावा केला. या सर्वांहून जुनी आणि आम्हास प्रिय असलेली गोष्ट सिसेरोने सांगितलेली आहे. झोपिरस नावाच्या मुखपरीक्षकाने सॉक्रेटिसाचा चेहरा पाहून याच्या ठायी अनेक दुर्गुण आहेत असे सांगितले. मंडळी हसली. सॉक्रेटिसाने मात्र, ते दुर्गुण आपल्यात उपजत होतेच, विवेकाने आपण ते काढून टाकले, असे म्हणून त्याची बाजू सावरली. आपल्याकडील अष्टावक्र इतका मृदू नव्हता. जनकाच्या सभेत त्याचे वाकडे शरीर पाहून पंडित हसले, तेव्हा येथे कातड्याची पारख करणारे जमले आहेत, असे तो म्हणाला, अशी कथा आहे.

कोणी म्हणेल, हे सारे जुने झाले. आता जबड्यावरून स्वभाव कोण ठरवितो? तत्त्व म्हणून कोणी ठरवीत नाही हे खरे. व्यवहारात मात्र भाड्याची खोली देताना, नोकरीसाठी मुलाखत घेताना, स्थळ पाहताना आपण सारे झोपिरसाचे शिष्य असतो. आमच्या विद्यार्थ्यास खाजगी शिकवण्या मिळत होत्या, त्या हळूहळू बंद झाल्या. कोणी अपमान केला नाही. एका घरी सांगण्यात आले की मुलगा लहान आहे, घाबरतो. मुलगा घाबरत असेलही. परंतु मुलाची भीती घालविणे हे त्या घराला शिकवण्या बंद करण्यापेक्षा अवघड वाटले. भीती वाटणे हा गुन्हा नव्हे. बाबा आमटे यांनी स्वतः सांगितले आहे की, पावसात पडलेला एक मरणासन्न कुष्ठरोगी पाहून ते प्रथम घाबरून निघून गेले. वरोऱ्याचे आनंदवन पुढे उभे राहिले ते त्यांना भीती वाटली नाही म्हणून नव्हे, तर ते परत वळले म्हणून.

आता याच्या उलट बाजूची एक चूक सांगावयाची. ती आम्ही स्वतः केली. त्या दिवशी आमच्या खोलीत, आपली ओशाळगत झाकण्यासाठी असेल, आम्ही त्याचे समाधान करू लागलो. चेहरा हा देहाचा, देह नाशवंत, मनुष्याचे खरे स्वरूप त्याहून निराळे, असे आम्ही त्यास सांगितले. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “सर, आत्म्याचं ठीक आहे. पण दाढी रोज करावी लागते.”

या एका वाक्याने आमचे व्याख्यान संपले. चेहऱ्यावरून मनुष्याची किंमत करणे हा जसा अन्याय, तसाच चेहरा काही नव्हेच असे ज्याचा चेहरा गेला आहे त्यास सांगणे हाही. त्याचे काहीतरी मोलाचे खरोखर हरवले आहे. ज्या तोंडाने आई त्याला ओळखी, ज्या हसण्याने तो वर्गात ओळखला जाई, ते हरवले आहे. त्या हानीला हानी म्हणण्याचे टाळून आपण तिच्याकडे पाहण्याचेच टाळतो. वेदान्त हा ज्याने त्याने आपल्या दुःखाला लावावा. दुसऱ्याच्या दुःखाला लावला की तो पडदा होतो.

हानी मान्य केली म्हणजे मग ती कोणामुळे झाली हा प्रश्न टाळता येत नाही. दधीचीने देवांसाठी आपल्या अस्थी दिल्या. पण त्यास कोणी विचारावयास गेले होते, आणि त्याने हो म्हटले होते. कुळासाठी एकाचा त्याग करावा अशा अर्थाचे जे नीतिवचन आपण मोठ्या विश्वासाने सांगतो, त्यात ज्याचा त्याग व्हावयाचा त्याची संमती घेतल्याचा उल्लेख नाही. शरीर हे नीतिवचन अक्षरशः पाळते: हृदय चालावे म्हणून हाडे मोडते. शरीराला आपण दोष देऊ शकत नाही, कारण त्याला दुसरा मार्ग ठाऊक नाही. समाजास मात्र तो ठाऊक आहे.

मूत्रपिंडाचे काम करणारे यंत्र विलेम कोल्फ यांनी हॉलंडमध्ये, जर्मनांच्या ताब्यातील काळात, १९४३ मध्ये चालविले. तेच उपचार वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा करता येतील अशी युक्ती अमेरिकेतील सिॲटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी १९६० मध्ये काढली. यंत्रे थोडी आणि रोगी पुष्कळ, म्हणून कोणी जगावे हे ठरविण्यासाठी तेथे सात नागरिकांची एक समिती नेमावी लागली. १९६२ मध्ये तिची हकीकत प्रसिद्ध झाली तेव्हा मोठी खळबळ उडाली. मनुष्याच्या योग्यतेवर माणसांनीच निकाल द्यावा हे लोकांस असह्य वाटले. त्यापूर्वी मूत्रपिंडे पुरती निकामी झालेला मनुष्य बहुधा थोड्याच दिवसांत मरत असे. त्याचा चेहरा बदलण्याइतका अवधी त्यास मिळतच नसे. म्हणजे ही विरूपता पुष्कळ अंशी वैद्यकाच्या विजयाचीच उपज आहे. मनुष्य वाचला, आणि वाचलेल्या वर्षांचे देणे हाडांनी फेडले.

परंतु हे देणे अटळ नाही, आणि आमच्या मते साऱ्या प्रश्नाचे मर्म येथे आहे. फॉस्फरस बेताने ठेवणारा आहार व गोळ्या, ड जीवनसत्त्वाचे तयार रूप, वेळोवेळी रक्ताची तपासणी, पुरेसे डायलिसिस, आणि ग्रंथी हाताबाहेर गेल्याच तर शस्त्रक्रियेने त्या काढणे, एवढे वेळेवर झाले तर बहुतेक रोग्यांचा चेहरा या टोकाला जात नाही. भारतात २०१६ मध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला आणि जिल्ह्याच्या रुग्णालयांत गरिबांना हा उपचार विनामूल्य मिळण्याची वाट झाली, ही फार मोठी गोष्ट आहे. आमच्या विद्यार्थ्यासही डायलिसिस फुकट मिळाले. पण आठवड्यातून तीनदा व्हावयाचे ते दोनदाच होई, कारण गावाहून येण्याजाण्यात वडिलांची मजुरी बुडे. गोळ्या पैसे असतील त्या महिन्यात आणल्या जात. आणि मोठ्या तपासण्या पाच वर्षे झाल्याच नाहीत. त्यास कोणी मारले नाही. सर्वांनी मिळून त्यास जगविले, आणि जगविताना त्याचा चेहरा कोणाच्याच हिशेबात धरला गेला नाही. तेव्हा त्याचा जबडा पाहून आपण जे वाचतो ते त्याच्या स्वभावाविषयी काहीच सांगत नाही. ती आपल्या सर्वांच्या थकलेल्या देण्याची वही आहे. साक्षीदार फितूर झालेला नाही. तो आपल्याविरुद्ध साक्ष देत आहे, एवढेच.

राहता राहिली पहिली साक्ष, म्हणजे हा मनुष्य कोण याची. दाखल्याच्या अर्जावर ‘या गृहस्थास मी ओळखतो’ असे लिहून आम्हास सही करावयाची होती. लेखणी उचलली तेव्हा, पाऊण तासापूर्वी आम्ही याच्या उलट सांगितले होते हे मनातून जाईना. तेवढ्यात तो म्हणाला, “सर, एक शंका आहे. मोठी नाही. तुम्ही ओळखलंत ते मला, की माझ्या सवयीच्या वाक्याला? ते मी बोललोच नसतो तर?”

आम्ही तेव्हा उत्तर दिले नाही. लॉकने मनुष्याची एकता त्याच्या स्मृतीवर उभी केली आहे, आणि तेवढ्याने या शंकेचे अर्धे उत्तर मिळते. त्याची स्मृती अखंड होती. आपण कोण याविषयी त्याला एक क्षणही संशय पडलेला नव्हता. संशय आम्हास पडला होता. मनुष्य कोण आहे हे त्याच्या स्मृतीवर ठरत असेल, पण तो माणसांत राहतो की माणसांबाहेर, हे इतरांच्या स्मृतीवर आणि तसदीवर ठरते. नवखे हस्ताक्षर लागत नाही म्हणून परीक्षक उत्तरपत्रिका कोरी समजत नाही. दिव्याजवळ नेतो, पुन्हा वाचतो, आणि पाचव्या पानावर ते अक्षर सरळ वाचता येऊ लागते. परीक्षकाच्या पगारात आम्ही जेवढे कष्ट घेतो तेवढे समोरच्या मनुष्यासाठी घेतले नाहीत. ओळख पटवून देण्याचे ओझे ज्याचा चेहरा गेला त्याच्यावर टाकणे अन्यायाचे आहे. ते पाहणाऱ्याने उचलावयाचे आहे. त्याने ते वाक्य उच्चारले नसते तर आम्ही त्यास ओळखले नसते, हे त्याच्या शंकेचे खरे उत्तर होय, आणि त्यात उणेपण आमचे आहे.

दिवाळीनंतर त्याच्यावर मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. अशा शस्त्रक्रियेनंतर वर्षानुवर्षे उपाशी राहिलेली हाडे रक्तातील कॅल्शियम अधाशासारखे ओढून घेतात. वैद्यकीत त्यास भुकेल्या हाडांची अवस्था म्हणतात, आणि तेवढे दिवस रोग्यास फार जपावे लागते. त्यातून तो पार पडला. हाडांचे दुखणे पुष्कळ कमी झाले आहे. चेहरा मात्र पूर्वीसारखा होईल असे डॉक्टरांनी त्यास सांगितलेले नाही, आणि आम्हीही सांगत नाही. महिन्यातून एकदा तो आमच्या घरी पुस्तके बदलून नेण्यास येतो. प्रथम आला तेव्हा घरातील मंडळी बोलताना खाली पाहत. आता त्यास पाणी बेतानेच चालते, म्हणून चहा अर्धाच कप द्यावयाचा, हे सर्वांस ठाऊक आहे. आणि तो निघाला की, आज त्याने काय शंका काढली, एवढेच आम्हास विचारले जाते.